एक दोरी तिरकी बांधली तर : पीटीचा तास प्रत्येक मुलाचा कसा होतो

शाळेतला पीटीचा तास साधारण ३५ मिनिटांचा असतो. वर्गातून खाली यायला, रांगा लावायला आणि हजेरीला दहा मिनिटं गेली, की हातात उरतात २५. वर्गात ६० मुलं आहेत असं धरू. सरांनी लांब उडी घ्यायची ठरवली. खड्डा एकच आहे. एकाने धावत यायचं, उडी मारायची, उठून बाजूला व्हायचं, मग वाळू सारखी करायची. यात २५ सेकंद सहज जातात. साठ मुलांचे होतात १,५०० सेकंद, म्हणजे बरोबर २५ मिनिटं. प्रत्येकाच्या वाट्याला एक उडी आली. उरलेला सगळा वेळ ते मूल रांगेत उभं होतं.

आता तोच वर्ग, तेच मैदान, तेच सर. फक्कीने सहा रेघा मारल्या, दहा-दहा जणांचे सहा गट केले आणि धावत येऊन मारायच्या उडीऐवजी जागेवरून उडी घेतली. एक उडी दहा सेकंदांत होते, दहा जणांची फेरी १०० सेकंदांत. त्याच २५ मिनिटांत प्रत्येकाला १५ उड्या मिळतात. जास्तीचा खर्च म्हणाल, तर थोडी फक्की.

गणिताच्या तासाला फळ्यावरचं गणित एकाच मुलाला सोडवायला देऊन ५९ जणांना नुसतं बघत बसवलं, तर पालक शाळेत जाऊन जाब विचारतील. पीटीच्या तासाला हे रोज घडतं आणि कुणी काही म्हणत नाही, कारण त्या तासाला मुलं काही शिकतात, शिकायला हवीत, हेच आपल्या मनात पक्कं बसलेलं नाही. पीटी म्हणजे मोकळीक. सरांनी फुटबॉल टाकला, दहा-बारा तयार मुलं त्याच्यामागे पळाली, मुली भिंतीला टेकून गप्पा मारत बसल्या, घंटा झाली. परीक्षा जवळ आली की तोही तास गणिताच्या किंवा इंग्रजीच्या मॅडम मागून घेतात. अमेरिकेतल्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१० मध्ये शाळेतली शारीरिक हालचाल आणि अभ्यास यांच्या संबंधावरच्या ५० संशोधनांचा आढावा घेतला होता. खेळाला वेळ दिल्याने गुण घसरतात असं त्यात दिसलं नाही. उलट बऱ्याच अभ्यासांत लक्ष आणि वर्गातलं वागणं सुधारलेलं दिसलं. तास काढून घेण्यामागे जे कारण सांगितलं जातं, ते मुळातच कच्चं आहे.

पण मुलाला एकाऐवजी १५ उड्या मिळाल्या, एवढ्याने तास सार्थकी लागला असंही नाही. रांग ही पहिली अडचण, आणि ती सोडवायला सोपी. त्यापुढची अडचण अवघड आहे : त्या १५ उड्या त्या मुलाला माराव्याशा वाटतात का?

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते आधी पाहू. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात जोरकस आणि हाडा-स्नायूंना बळ देणारी हालचाल असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं आहे. मध्यम आणि जोरकस ओळखायला यंत्र लागत नाही. हालचाल करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम. दोन-चार शब्दांच्या पुढे वाक्य जात नाही, ती जोरकस. २०१६ पर्यंतची जगभरातली आकडेवारी तपासली तेव्हा ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं या ६० मिनिटांपर्यंत पोचत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं, मुलग्यांमध्ये ७८.

आठवड्याला दोन-तीन पीटीचे तास रोजच्या ६० मिनिटांची भरपाई कधीच करू शकणार नाहीत. तेव्हा पीटीच्या तासाचं खरं काम घाम काढणं हे नाही. मुलाने संध्याकाळी स्वतःहून मैदानावर जावं, सुट्टीत सायकल काढावी, पुढे तिशी-चाळिशीतही अंगाला हालचालीची सवय असावी, यासाठी लागणाऱ्या तीन गोष्टी त्या तासाने द्यायच्या असतात : अंगात थोडंफार कौशल्य, 'मला जमतं' हा विश्वास, आणि परत करावंसं वाटण्याइतकी गोडी. यातली एक जरी राहिली, तरी मूल शाळा सुटल्यावर मैदानाकडे फिरकत नाही. सोलापुरात तर ते फिरकणं तसंच अवघड. जुन्या गावठाणातल्या बोळांत दोन मोटारसायकली आल्या की खेळ थांबतो, हद्दवाढ भागातले मोकळे प्लॉट एकेक करून बांधले जातायत, आणि संध्याकाळ बहुतेकांची क्लासला जाते. पार्क स्टेडियमवर किंवा होम मैदानावर रोज जाणं सगळ्यांना शक्य नसतं. अशा वेळी शाळेच्या अंगणातला तो तास बऱ्याच मुलांना मिळणारा एकुलता एक शिकवलेला खेळ असतो.

मुलांना खेळाचा तास 'आपला' कधी वाटतो, यावर बरंच काम झालेलं आहे. कॅनडा आणि आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये आधीच्या तीसेक वर्षांतले अभ्यास एकत्र वाचले, तेव्हा मुलांच्या सांगण्यातून पाच गोष्टी पुन्हापुन्हा वर आल्या. सोबत्यांबरोबर खेळणं. मजा. अंगात काहीतरी नवीन येतंय ही जाणीव. जे शिकतो त्याचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध. आणि बेताचं आव्हान, म्हणजे फार सोपं नाही आणि फार अवघडही नाही असं. या पाचांत मला आव्हान सगळ्यात मोलाचं वाटतं. ते नीट जुळलं की बाकीच्या चार गोष्टी बऱ्याचदा मागून येतात, आणि ते चुकलं की मजासुद्धा टिकत नाही.

फार सोपं दिलं तर मूल कंटाळतं, हे आपल्याला लगेच दिसतं. ते दंगा करतं, शेजारच्याला ढकलतं. फार अवघड दिलं तर काय होतं, ते मात्र दिसत नाही, कारण मूल ते लपवतं. रांगेकडे नीट बघा. एक मूल पुढच्याला सारखं 'तू जा, तू जा' म्हणत मागे-मागे सरकत असतं. एकाच्या बुटाची लेस बरोबर त्याचा नंबर आला की सुटते. एकीचं पोट फक्त पीटीच्या तासाला दुखतं. ही मुलं आळशी नाहीत. सगळ्यांसमोर फजिती होण्यापेक्षा न करणं बरं, असा त्यांनी विचार करून निर्णय घेतलेला असतो. तो बदलायचा तर उपदेश उपयोगाचा नाही, समोर ठेवलेलं काम बदलावं लागतं.

इस्रायलमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत शारीरिक शिक्षण शिकवणारे मस्का मॉस्टन यांनी १९६० च्या दशकात यासाठी एक साधं उदाहरण दिलं. उंच उडीसाठी दोरी आडवी धरली, की ती सगळ्यांना एकाच उंचीवर असते. प्रत्येक फेरीत ती वर जाते आणि प्रत्येक फेरीत काही मुलं बाद होतात. म्हणजे ज्याला सरावाची गरज सगळ्यात जास्त, त्याला उड्या सगळ्यात कमी, आणि ज्याला आधीच येतं तो शेवटपर्यंत खेळतो. मॉस्टन यांनी दोरीचं एक टोक वर आणि एक खाली केलं. दोरी तिरकी झाली. आता कुणी बाद होत नाही. जो तो आपल्याला पेलेल त्या जागेवरून उडी मारतो.

ही दोरी मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत लावलेली पाहिली आहे. मैदान असं नव्हतंच, दोन इमारतींमधली मोकळी जागा आणि एक कडुलिंब. जवळच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट तासभर चालूच होता. दोरीचं एक टोक एका मुलीने कमरेच्या उंचीवर धरलं होतं, दुसरं टोक एका मुलाने घोट्याजवळ. दोघांना मॅडमनी बजावलं होतं की दोरी सैल धरायची, कुणाचा पाय अडकला की लगेच सोडायची. सातवीचा वर्ग. पहिल्या फेरीला चार-पाच मुलगे थेट उंच टोकाकडे गेले, बहुतेकांचा पाय दोरीला लागला. कुणी हसलं नाही, कारण त्याच वेळी शेजारी आणखी तिघं उड्या मारत होते आणि कुणाकडे बघायला सवड नव्हती. दुसऱ्या फेरीला ते मुलगे आपले आपण दोन फूट खाली सरकले. एक मुलगी मात्र घोट्याच्या टोकाशी बराच वेळ उभी राहिली आणि मग तिने विचारलं, "मॅडम, मी कुठून मारू?"

"कुठून जमेल असं वाटतंय?"

तिने अगदी खालची जागा दाखवली.

"बरं. तिथून दोनदा मार. जमलं की एक पाऊल वर सरक."

ती सरकली. नंतर परत सरकली. तिची उडी फार उंच झाली असं नाही, गुडघ्याच्या जरा खालीच थांबली. पण तिथे दोनदा दोरीला पाय लागल्यावरही ती रांगेतून निघून गेली नाही. परत मागे येऊन धावली. त्या वर्गात शिकवण्याचं काम जवळजवळ दोरीच करत होती. मॅडम मोकळ्या होत्या आणि एकेकाजवळ जाऊन फक्त उतरताना गुडघे कसे वाकवायचे तेवढं सांगत होत्या.

दोरी तिरकी करायची ही युक्ती जवळपास कशालाही लावता येते. भिंतीवर चेंडू मारायचा असेल तर खडूने एकात एक तीन वर्तुळं काढा आणि जमिनीवर तीन रेघा मारा. कुठून मारायचं आणि कुठलं वर्तुळ धरायचं, ते मुलाने ठरवायचं. लंगडीत एकाला दहा पावलं, दुसऱ्याला मैदानाची लांबी. दोरीच्या उड्यांमध्ये एका वेळी किती सलग, ते प्रत्येकाचं वेगळं. किती कठीण ठेवावं, याला माझा ठोकताळा असा : दहा वेळा केलं तर सहा-सात वेळा जमावं. दहाही वेळा जमत असेल तर मुलाला पुढे सरकायला सांगा, तीनच वेळा जमत असेल तर मागे. चुका व्हायलाच हव्यात, कारण नवी हालचाल शिकताना मेंदू त्या चुकांवरूनच पुढची हालचाल सुधारत असतो. फक्त त्या चुका पुसण्याइतकं यश सोबत असावं लागतं.

सगळ्यांना एकच माप लावण्यात आणखी एक अडचण आहे आणि ती शुद्ध शरीरशास्त्राची आहे. मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलग्यांची चौदाव्याच्या आसपास. पण हे झालं सरासरीचं. प्रत्यक्षात कुणाचं वर्ष-दोन वर्षं आधी, कुणाचं नंतर. त्यामुळे आठवीच्या एका बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचाही फरक असू शकतो. ५० मीटर धावताना त्यातला एक पुढे गेला, तर बऱ्याचदा ती मेहनत नसते, हाडं आणि स्नायू आधी वाढलेले असतात. उशिरा वाढणाऱ्या मुलाला आपण 'तुला खेळ जमत नाही' असं सांगून मोकळे होतो, आणि दोन वर्षांनी त्याचं शरीर तयार होतं तेव्हा ते मैदान सोडून गेलेलं असतं. शिवाय उंची भराभर वाढत असताना हातापायांचा अंदाज काही महिने चुकतो. सहावीत चपळ असलेला मुलगा आठवीत अडखळतो, त्यालाही धीर द्यावा लागतो.

म्हणून तुलना करायचीच असेल, तर मुलाची कालच्या त्याच्याशीच करावी. आणि आव्हान पायरीपायरीने वाढवायचं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज निघतात. ती उंच काठी तोलत चालणारे लोक यात्रेच्या आधी कितीतरी दिवस सराव करत असतात. यात्रेच्या दिवशी पहिल्यांदाच काठी हातात घेतलेला माणूस त्यांत सापडणार नाही. शाळेतल्या मुलाला मात्र आपण स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात उभं करतो आणि ६०० मीटर पळायला सांगतो.

आता खेळांकडे येऊ, आणि खो-खोवर थोडं थांबू, कारण आव्हान कसं रचायचं हे त्यातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्या खेळातून क्वचितच दिसेल. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. सोलापूर जिल्ह्याचं या खेळाशी जुनं नातं. वेळापूर, वाडीकुरोली ही नावं खो-खोवाल्यांना ओळख करून द्यावी लागत नाहीत.

या खेळाचं सौंदर्य त्याच्या बंधनांत आहे. पळणारा कुठेही वळू शकतो, दोन बसलेल्यांच्या मधून जाऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र एकदा दिशा घेतली की उलटं फिरता येत नाही आणि बसलेल्यांच्या रांगेची मधली पाटी ओलांडता येत नाही. म्हणजे एकटा धावपटू कितीही वेगवान असला तरी चपळ पळणाऱ्याला पकडू शकत नाही. त्याला खो द्यावाच लागतो. बसलेले आठ जण विरुद्ध दिशांना तोंडं करून बसतात ते यासाठीच. हे समजलेला संघ कमी पळतो आणि जास्त गडी मारतो.

पण शाळेत खो-खो कसा खेळला जातो ते पाहा. सगळ्यात वेगवान मुलगा खांबापासून खांबापर्यंत धावत सुटतो आणि बसलेले बसून राहतात. अशा वेळी 'खो दे रे, खो दे' असं ओरडून काही होत नाही. एक नियम बदलावा : उठल्यापासून पाच मोजेपर्यंत खो दिलाच पाहिजे. दोन मिनिटांत खेळ वेगळा होतो. बसलेल्यांना आता सतत जागं राहावं लागतं, पाय तयार ठेवावे लागतात, पळणारा कुठून येतोय ते बघावं लागतं. वेगवान मुलाला थांबून विचार करावा लागतो. पुढच्या आठवड्यात दुसरा बदल : पळणारे तिघांऐवजी दोघंच, पण मैदान आखूड. त्यानंतर मुलांनाच विचारा, पळणाऱ्याला जड जावं म्हणून आपण काय बदलू? आणि सोपं जावं म्हणून? सहावीतली मुलं याची फार चांगली उत्तरं देतात. आधी सगळं तंत्र घोटून घ्यायचं आणि शेवटी खेळ, याऐवजी छोटा केलेला खेळ आधी द्यायचा आणि त्यात जे अडेल ते तंत्र तिथे शिकवायचं, ही पद्धत इंग्लंडमध्ये १९८२ साली रॉड थॉर्प आणि डेव्हिड बंकर यांनी मांडली. खांबावर सूर मारणं कशासाठी शिकायचं, हे गडी दोनदा हातातून निसटल्यावरच मुलाला कळतं.

कबड्डीतही असंच करता येतं. सात-सातच्या दोन संघांत खेळतात चौदा जण आणि बघतात शेहेचाळीस. त्यापेक्षा चार-चारची सहा-सात छोटी मैदानं आखा, पकड फक्त कमरेला हात लावून, कुणी बाद झाला की दहा उठाबशा काढून परत आत. बाद झालेलं मूल बसून राहणार नाही, एवढं पाळलं तरी तास बदलतो.

खेळ एकच धरून बसू नये, असंही मला आवर्जून म्हणायचं आहे. सातवीपर्यंत तरी धावणं, उड्या, फेकणं, झेलणं, तोल, लोळण, लय हे सगळं मुलाच्या अंगातून जावं. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी भालाफेकीसारखे मैदानी खेळ खेळत होती, मग क्रिकेटकडे वळली. २०२२ मध्ये देशांतर्गत टी-२० सामन्यात तिने नाबाद १६२ धावा केल्या आणि त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. खांद्याची आणि कमरेची जी ताकद फेकीतून येते, ती बॅट फिरवतानाही कामाला येतेच. लेझीम लय देते, लंगडी घोट्याला बळ देते, आट्यापाट्या हुलकावणी शिकवते. या सगळ्याला मिळून शंभर रुपयेही लागत नाहीत.

मुलींचा प्रश्न वेगळा काढून बोलायला हवा. आठवीनंतर मुली मैदानाबाहेर बसायला लागतात आणि आपण म्हणतो, त्यांना आवड नसते. आवड नसल्याची कारणं साधी असतात. ओढणी सांभाळत धावता येत नाही, तेव्हा पीटीच्या दिवशी टी-शर्ट आणि ट्रॅक पँट चालेल असं शाळेने लेखी सांगावं. स्वच्छतागृहात पाणी आणि पॅड ठेवायची-टाकायची सोय असावी. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे मुलीने ठरवावं. खेळल्याने अपाय होत नाही, हलक्या हालचालीने पोटदुखी कमीही होते, पण तिला नको असेल तर कारण चारचौघांत विचारू नये. आणि मैदानाची वाटणी बघा. मधली मोठी जागा मुलग्यांच्या क्रिकेटला आणि कडेची पट्टी मुलींना, ही वाटणी कुणी ठरवलेली नसते, पण असते. ती वेळापत्रकात लिहून बदलावी लागते. हाडांची बहुतेक भर विशीच्या आतच पडते आणि त्यासाठी उड्या, धावणं लागतं, हे मुलींच्या आयांना सांगितलं तर त्या शाळेच्या बाजूने उभ्या राहतात.

ऊन. मार्चपासूनच सोलापुरात पारा चाळिशीकडे सरकतो आणि एप्रिल-मेमध्ये तो बऱ्याचदा चाळिशीच्या वर जातो. हवा कोरडी असल्यामुळे घाम लगेच उडून जातो, अंग ओलं दिसत नाही आणि किती पाणी गेलं ते मुलाला कळत नाही. शाळा सकाळची असली तरी पीटीचा तास पहिल्या दोन तासांतच असावा. उशिराचा असेल तर सावलीत तोल, योगासनं, दोरीच्या उड्या, भिंतीवरचा चेंडू घ्यावा. तासाआधी पाणी, मध्ये पाणी, नंतर पाणी. तापलेल्या फरशीवर अनवाणी नाही. सुट्टीनंतर अंग परत उन्हाला सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीचे दिवस हलके ठेवावेत. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर आली की मुलाला लगेच सावलीत घेऊन पाणी द्यावं आणि अंग ओलं करून वारा घालावा. बोलणं असंबद्ध झालं तर अंग गार करत करत तसंच दवाखाना गाठावा.

परीक्षेचं काय? महाराष्ट्रात दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षणाची श्रेणी मिळते, ती टक्क्यांत धरत नाहीत, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. मला वाटतं, यातच एक संधी आहे. गुणांची ओढाताण नसलेला हा विषय मुलाला स्वतःची नोंद ठेवायला शिकवू शकतो. 'खेलो इंडिया'च्या तंदुरुस्ती चाचण्यांत नऊ ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी ५० मीटर, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, पोटाचे आणि हातांचे व्यायाम आहेत. त्या जुलैत आणि जानेवारीत घ्या, आकडा मुलाने आपल्या वहीत लिहावा आणि दोन आकड्यांमधला फरक तिथेच मांडावा. वर्गासमोर वाचून दाखवू नका. वजन तर सगळ्यांच्या देखत कधीच करू नका. लठ्ठ मुलाचा आकडा एकदा मोठ्याने वाचला गेला, की ते मूल पुढची कित्येक वर्षं मैदान टाळतं.

तसंच मैदानाच्या फेऱ्या ही शिक्षा म्हणून देणं. गृहपाठ केला नाही म्हणून पाच फेऱ्या. धावणं म्हणजे अपमान, हे इतक्या पक्केपणाने दुसरं काहीच शिकवू शकत नाही. आणि दोन कप्तान उभे करून एकेक खेळाडू निवडायला लावणं. शेवटी उरणारं मूल प्रत्येक वेळी तेच असतं, आणि ते शेवटचं आहे हे त्याला ६० जणांसमोर दर आठवड्याला सांगितलं जातं. संघ सरांनी आधीच पाडावेत आणि सहा-आठ आठवडे तेच ठेवावेत. त्यात प्रत्येकाला आलटून पालटून पंच, गुणलेखक, वेळाधिकारी ही कामंही द्यावीत. अपंग किंवा दम्याच्या मुलाला फक्त गुण लिहायला बसवून मात्र चालणार नाही, त्यालाही त्याच्या जोगी तिरकी दोरी हवी.

शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान लागतं, आणि सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, लागतो. पुढच्या पालकसभेत हे दोन्ही विचारता येईल. पीटीचे तास गेल्या महिन्यात किती झाले, किती दुसऱ्या विषयाला गेले, तेही विचारावं. आणि घरी मूल आलं की 'जिंकलास का' याऐवजी विचारावं : आज चेंडू किती वेळा हाताला लागला, कशात चुकलास, आणि पुढच्या वेळी काय करून बघणार आहेस?